डॉक्टर व्हायचे, ते कशासाठी?

आपल्याकडे मूल चार शब्द नीट बोलू लागले की घरी येणारा पाहुणा त्याला एक प्रश्न हमखास विचारतो : "काय रे, मोठेपणी तू कोण होणार?" मुलाने "डॉक्टर" म्हटले की पाहुणा खूश, आईबाप खूश, आणि मुलाच्या हातावर आणखी एक बर्फीची वडी. संवाद इथेच संपतो. "का रे बाबा, डॉक्टरच कशासाठी?" असा दुसरा प्रश्न विचारणारा पाहुणा मला तरी आजवर भेटलेला नाही. पुढे ते मूल दहावी होते, शास्त्र शाखेत जाते, रात्र रात्र जागून जीवशास्त्राच्या आकृत्या गिरवते. आणि तो दुसरा प्रश्न तसाच मागे राहून जातो. प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात डॉक्टरकीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्याच वर्गातील बाकांवरून एकदा नजर फिरवावी. मराठीच्या, मानसशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या तासाला बसणाऱ्यांपैकी कितीतरी जण 'मेडिकल हुकले' म्हणून इथे आले आहेत. मीही त्यांतलाच एक. बारावीला एकदा, आणि मग लातूरला वर्षभर खोली घेऊन राहून दुसऱ्यांदा, मी प्रवेशपरीक्षा दिली. दोन्ही वेळा गुण कमी पडले. ते का कमी पडले याची चिकित्सा आमच्या घरात पुष्कळ झाली. मला डॉक्टर का व्हायचे होते याची मात्र कोणीच केली नाही, मीसुद्धा नाही.

दोष एकट्या घराचा नाही. परीक्षाच तशी आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या तिन्ही विषयांत तुमची कसून तपासणी होते. 'हे तुला का करायचे आहे?' हा प्रश्न त्यांत नाही, कारण त्याचे चार पर्याय छापता येत नाहीत. बरे, गर्दी तरी किती! २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसले, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. टंचाई एवढी असली की 'मिळेल का?' हा एकच प्रश्न उरतो आणि 'हवे आहे का?' हा मागे पडतो. रेशनच्या लांबलचक रांगेत उभा असलेला माणूस दुकानात आज काय आले आहे हे विचारीत नाही. आपला नंबर लागेल की नाही एवढेच बघतो. तसेच हे.

हा प्रश्न आपल्याकडे कुणालाच सुचला नव्हता असे मात्र नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायाच्या आरंभीच, ज्याला वैद्य व्हावयाचे आहे त्याने प्रथम काय करावे हे सांगितले आहे. पोथी उघडण्यापूर्वी आणि गुरू शोधण्यापूर्वी त्याने आपण हाती घेत असलेले काम आपल्याला जड आहे की हलके हे पाहावे. त्याचे फळ काय, पुढचे परिणाम काय, आपला देश कोणता, काळ कोणता, याचा विचार करावा. आणि मगच शास्त्राच्या वाटेला लागावे. गुरूची आणि शिष्याची परीक्षा पुढे येतेच, पण सुरुवात होते ती स्वतःच्या विचारापासून. जुने ते सारे सोने असे मला म्हणावयाचे नाही. चरकाच्या काळची औषधे आणि आजची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण शिकण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारण्याची ही रीत मला शहाणपणाची वाटते. २०२२ पासून काही वैद्यकीय महाविद्यालयांतून नव्या विद्यार्थ्यांना चरकाच्या नावाची शपथ देऊ लागले आहेत. शपथ प्रवेश मिळाल्यावर असते. विचार त्याच्या आधी करावयाचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो.

तेव्हा डॉक्टर व्हावेसे वाटण्यामागे काय काय असते, ते एकदा उघडून पाहू.

पहिला, पैसा. हे नाव घ्यायला आपण लाजतो. वक्तृत्वस्पर्धेत सेवा आणि घरी आल्यावर फ्लॅट, असा आपला दुटप्पी कारभार. मला विचाराल तर पैशाच्या इच्छेत पाप काही नाही. ज्याच्या घरी बाप दुसऱ्याच्या शेतावर राबतो, त्या घरातला मुलगा 'डॉक्टर झालो तर घर वर येईल' असे म्हणत असेल, तर त्याला हेतुशुद्धीवर प्रवचन देणे हा शुद्ध उद्धटपणा होईल. फक्त हिशेब तरी खरा मांडावा. साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षे पदव्युत्तर. विशी संपता संपता हातात काही पडू लागते. खाजगी महाविद्यालयाची फी भरावी लागली असेल तर आधी कर्ज फेडायचे. एवढ्या अवधीत पैसा मिळवण्याचे याहून जवळचे रस्ते पुष्कळ आहेत. निव्वळ पैशासाठीच जायचे तर हा आडरस्ता कशाला?

दुसरा, घरच्यांची इच्छा. बापाचा दवाखाना चालवायला हवा, किंवा बापाला स्वतःला होता आले नाही म्हणून मुलाने व्हायला हवे. आईबापांनी इच्छा धरू नये असे कोण म्हणेल? पण अंगठी वडिलांच्या मापाची आणि बोट मुलाचे, असे झाले की ती एक तर घट्ट होते, नाही तर गळून पडते.

तिसरा, मान. याबद्दल मी दुसऱ्यांकडे बोट दाखवणार नाही.

दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची होती त्या वर्षी, परीक्षेला चारेक महिने असताना, माझ्या आजीच्या पायाला मधुमेहामुळे जखम झाली आणि ती चिघळली. तिला एका सरकारी रुग्णालयात अकरा दिवस ठेवावे लागले. "हा पुढे डॉक्टर होणार आहे, याला सवय होईल," असे म्हणून रात्री सोबतीला मलाच धाडले. पहिल्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंगला आल्या. त्यांनी पट्टी सोडली मात्र, "पाणी घेऊन येतो" म्हणून मी बाहेर सटकलो आणि जिन्यावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. नऊ वाजता मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे चार शिकाऊ डॉक्टर. सगळा वॉर्ड एकदम गप्प झाला. खाटांवर टेकलेले नातेवाईक उठून उभे राहिले, एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते पाहून माझी छाती भरून आली. मनात म्हटले, हे, हे मला पाहिजे!

त्याचा अर्थ ध्यानात यायला मला दोन वर्षे लागली. अकरा दिवसांत मला हेवा वाटला तो त्या शांततेचा, त्या उठून उभे राहण्याचा. वाकून जखम धुणाऱ्या सिस्टरचा हेवा एकदाही वाटला नाही. मी जिन्यावर पळालो याला मी फारसे महत्त्व देत नाही. किळस सवयीने जाते. पहिल्यांदा शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहताना चक्कर आलेले कितीतरी जण पुढे उत्तम डॉक्टर होतात. खरी खूण निराळीच होती. त्या अकरा दिवसांत 'जखम आता कशी आहे? भरते आहे का?' हे मी एकदाही विचारले नाही. जो रोगी माझा स्वतःचा होता, ज्याच्या मांडीवर मी लहानाचा मोठा झालो, त्याच्या रोगाविषयीही मला कुतूहल नव्हते. मला रोगी नको होता; रोग्यांनी भरलेला वॉर्ड हवा होता, आणि त्यातून चालत जाणारा मी.

चौथा हेतू सेवा. मुलाखतीत, निबंधात आणि लग्नाच्या बोलणीत हाच सांगितला जातो, म्हणून याचीच पारख जास्त कसून केली पाहिजे. त्यासाठी मला एक साधा प्रश्न सुचतो : डॉक्टर होता आले नाही, तर परिचारिका व्हायला तुझी तयारी आहे का? निदान आरोग्यसेवक? औषधनिर्माता? उत्तर चटकन 'छे!' असे आले, तर समजावे की सेवेच्या पिशवीत तळाशी मानच आहे. रोग्याची सेवा एकटा डॉक्टर करीत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करावे, श्वास मोजावा, ऊब द्यावी, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध द्यावे, ही कामे त्या झोपड्यांतून करू लागल्या. ३९ गावांतील त्या कामाने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. त्या बायकांच्या नावापुढे कसलीही पदवी नव्हती. ज्याला खरोखर रोग्याच्या उपयोगी पडायचे आहे, त्याची वाट ७२० गुणांच्या परीक्षेशी संपत नाही. कला शाखेच्या पदवीधराचीही संपत नाही. मोठ्या रुग्णालयांतून रोग्याला धीर देणारे, योजनांचे कागद भरून देणारे समाजसेवा अधीक्षक असतात. त्या कामाला लागणारा समाजकार्याचा अभ्यासक्रम आपल्यालाही खुला आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की या गृहस्थाला निर्मळ, सोवळ्यातला हेतू हवा आहे. तसे मुळीच नाही. मनुष्याचा हेतू कधीच एकेरी नसतो. त्याचे मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न. बायकोने शिकलेच पाहिजे हा गोपाळरावांचा ध्यास, खरे तर हट्ट. आणि तो हट्ट प्रसंगी फार कठोर होई. तेव्हा आनंदीबाईंच्या शिक्षणाची सुरुवात दुसऱ्याच्या इच्छेने झाली असे म्हटले तर वावगे ठरू नये. पण चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले, आणि वैद्यकीय मदत न मिळाल्याने ते दहा दिवसांतच गेले. तिथून पुढे ती इच्छा त्यांची स्वतःची झाली. १८८३ साली, अमेरिकेला जाण्यापूर्वी, बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत भाषण केले. लोक त्यांना जे प्रश्न विचारीत ते त्यांनी स्वतःच एकेक करून पुढे मांडले : मी अमेरिकेला का जाते? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? संकट आले तर काय करीन? आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढतात, ती उणीव मला भरून काढायची आहे, हे त्यांच्या सांगण्याचे सार. तेव्हा त्या जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. आज आपण प्रवेशाचा अर्ज भरतो तेच वय.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण ते काम हाती घेण्याआधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, क्षयाने त्या पुण्यात वारल्या. आपण त्यांची पदवी लक्षात ठेवतो, 'पहिली' हा शब्द लक्षात ठेवतो. मला त्यांचे ते भाषण अधिक मोठे वाटते. हेतू उसना असला तरी चालतो. तो आपला झाला आहे की नाही, हे केव्हा तरी उभे राहून स्वतःला सांगता आले पाहिजे.

आणि तो आपला झालाच नाही तर? पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली तीन माणसे घ्या. डॉ. श्रीराम लागू कान, नाक, घशाचे शल्यचिकित्सक. इथे आणि आफ्रिकेत त्यांनी बरीच वर्षे व्यवसाय केला आणि १९६९ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो सोडून ते पूर्णवेळ नट झाले. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. दौंडला दवाखाना चालवीत त्यांनी नाटके आणि चित्रपट केले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञही राहिले आणि नटही. एकाने सोडले, दोघांनी दोन्ही सांभाळले. सोडण्यात नामुष्की नाही, हे यावरून दिसतेच. पण लागूंसारखी दुसरी वाट इतकी स्पष्ट दिसणारे थोडे. उरलेले न आवडणारे काम चाळिशीनंतरही तसेच ओढत राहतात. त्यांचा त्रास त्यांच्यापुरता राहिला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तो टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. आपण केसपेपर घेऊन दोन तास रांगेत बसतो आणि आत गेल्यावर डॉक्टर मान वर न करता औषध लिहून देतात. कामाचा बोजा हे त्याचे एक कारण आहेच, आणि ते खरेही आहे. पण कधी कधी समोरचा माणूस डॉक्टरला मुळात नकोच होता, हेही कारण असते.

यावर एक आक्षेप मला आमच्याच एका सरांनी घेतला. "रोग्याला गुण आला म्हणजे झाले; डॉक्टरचा हेतू त्याला काय करायचा आहे? हाताला चव असलेला लोभी डॉक्टर परवडला, पण हात कापणारा दयाळू डॉक्टर नको!" आक्षेप बिनतोड वाटतो. पण कसब एकदाच मिळवून कायमचे पेटीत ठेवता येत नाही. नवी औषधे येतात, जुनी मोडीत निघतात. शेवटचा रोगी तपासून झाल्यावर रात्री पुस्तक उघडावे लागते. ते उघडायला लावणारे काहीतरी आत असावे लागते. शिवाय हे दिवसही पूर्वीचे नाहीत. डॉक्टरला देव मानणारा समाज प्रसंगी त्याच्यावर हातही उगारतो. ते थांबवण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला. जो केवळ मानासाठी या धंद्यात आला, त्याला कॉलर धरली गेल्यावर उभे राहायला पायाखाली काय उरते? जखम भरताना बघण्यात ज्याला गोडी आहे, त्याच्यापाशी निदान ती गोडी उरते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. अर्ज भरण्याआधी, जमल्यास अकरावीच्या सुट्टीत, तालुक्याच्या रुग्णालयात सकाळी नऊ ते एक ओपीडीबाहेरच्या बाकावर नुसते बसून पाहावे. घरात कोणी आजारी असेल तर एक रात्र त्याच्या उशाशी काढावी. सलाईन संपत आल्यावर सिस्टरना हाक मारावी, मावशी काय करतात, वॉर्डबॉय काय करतो, ते बघावे. एखाद्या जुन्या डॉक्टरांना 'तुम्ही किती मिळवता?' असे न विचारता 'कालचा दिवस कसा गेला?' असे विचारावे. आणि घरी येऊन एका कागदावर लिहावे : मला यातले नेमके काय हवे आहे? तो कागद कोणाला दाखवायची गरज नाही. उत्तर 'पैसा' आले तरी हरकत नाही, 'मान' आले तरी हरकत नाही. फक्त ते आपल्याला ठाऊक असू द्यावे.

हा उपदेश मी पहिल्यांदा ज्या व्यक्तीला केला ती माझी धाकटी बहीण. ती यंदा अकरावीला आहे आणि आमच्या घरचे पुन्हा लातूरची चौकशी करू लागले आहेत. "भाऊ नाही झाला, तू तरी हो," हे वाक्य मी स्वयंपाकघरातून दोनदा ऐकले. एका संध्याकाळी ती आजीच्या पायाला पट्टी बांधीत बसली होती. आजीची दोन बोटे गेली, पण पाय वाचला; ड्रेसिंग आता घरीच करतात, आणि ते हिच्याकडेच असते. मी तिला विचारले, "तुला डॉक्टर का व्हायचंय गं?"

तिने मान वर न करता विचारले, "दादा, हे तू माझ्यासाठी विचारतोयस, की तुला नाही मिळालं म्हणून?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्याच्या हेतूची झडती घेणाऱ्याने आधी आपली घ्यावी, हे शहाणपण तिने मला फुकट दिले. मी माझी झडती घेतली. थोडी असूया सापडली. नाही असे कसे म्हणू? ती मी तिला सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "मग विचार. पण मला वेळ लागेल."

तिचे उत्तर अजून आलेले नाही. अर्ज भरायला वर्ष आहे. परवा मात्र तिने पट्टी सोडल्यावर मला हाक मारली, "दादा, बघ, कडेने नवं मांस येतंय." मी गेलो, वाकून पाहिले. या वेळी जिन्यावर गेलो नाही.